बिल्ला क्रमांक २१४

बुडालेल्या जहाजाच्या वस्तू जमवणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. समुद्राने काही परत दिलेलं नसतं. जे उरलं, ते जहाज बुडायच्या आधीच कुणीतरी लांबवलेलं असतं. कप्तानांच्या दोन कपाटांत अशा चारशे अकरा वस्तू होत्या. चमचे, राखदाण्या, टॉवेल, मिठाच्या बाटल्या आणि एका दाराची मूठ. मूठ कुणी कशी काय उतरवली असेल, याचं कप्तानांना अजून कौतुक होतं. नोंदवहीतल्या शेवटच्या रकान्याचं नाव होतं ‘जहाजावरून कशी उतरली’. पहिल्या पानावर त्यांनी त्यात ‘चोरून’ असं सुवाच्य लिहिलं होतं आणि पुढे पानोपान नुसत्या ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा.

कप्तान हे नाव गल्लीने ठेवलेलं. गृहस्थ जन्मात होडीतही बसले नव्हते. नोकरी वजनमापं खात्यात, दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली. जहाजावर होते ते त्यांचे वडील, पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात वाढपी. साठ वर्षांपूर्वी जहाजाबरोबर तेही गेले. बातमी आली तेव्हा सहा वर्षांचे कप्तान जेवत होते, आणि ते ताट स्वच्छ करूनच उठले, हे शेजारणी पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिल्या. रडू आलं नाही. नंतर येईल, असं त्यांनी धरलं होतं. वडिलांची एखादी वस्तू हाताला लागली की येईल. सगळा खटाटोप त्याच्यासाठी.

पण वडील पडले सरळमार्गी. जहाजावरच्या इतरांच्या घरी जहाजाचे चमचे, यांच्या घरी पत्र्याचे.

“माझ्या बापाने एक चमचा आणला नाही,” असं कप्तान वस्तू विकायला आलेल्या प्रत्येकाला ऐकवत, आणि तो खजील झाला की भाव पाडत.

“बापाने नाही आणलं ते लेकाने व्याजासकट आणलं,” असं त्यांची बायको चहा ठेवता ठेवता म्हणे.

वडिलांकडून आलेली वस्तू एकच. वहीतली पहिली. घरी राहिलेल्या विजारीच्या खिशात सापडलेला पितळी बिल्ला, त्यावर २१४. कप्तानांनी तो मखमलीवर ठेवून खाली चिठ्ठी लावली होती: ‘पहिला वर्ग, खोली क्र. २१४, किल्लीचा बिल्ला’. शेवटच्या रकान्यात ‘चुकून’. २१४मध्ये कोण उतरत असेल याच्या दोन-तीन गोष्टीही त्यांनी रचल्या होत्या. त्यातली एका विधवा गायिकेची गोष्ट पाहुण्यांना विशेष आवडे. पण बिल्ला हातात घेऊन काही होत नसे. तो त्या गायिकेचा होता, वडिलांचा थोडाच.

बुधवारी सकाळी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, हात कोपरापर्यंत लाल. बंदरावरच्या जुन्या लाँड्रीच्या मालकीण. लाँड्री बंद करणार होत्या.

“मागच्या फळीवर त्या जहाजाची अकरा गाठोडी आहेत. न्यायला कुणी आलंच नाही. तुम्ही जमवता असं कळलं.”

“म्हणजे तुमच्या आजोबांनीही हात मारला होता तर,” कप्तान वहीचा शेवटचा रकाना दाखवत सवयीने म्हणाले.

“आमची लाँड्री आहे, साहेब. लोकांचं लोकांना परत देतो. बिल्ला दाखवायचा, गाठोडं न्यायचं.” बोलता बोलता त्यांचं लक्ष कपाटाकडे गेलं. “तसा बिल्ला. तो आमचाच आहे की.”

“तो खोलीच्या किल्लीचा आहे.”

बाईंनी पिशवीतून दुसरा काढून टेबलावर ठेवला. त्यावर ८७. काठाला तशीच दोन भोकं, मागे तसाच नांगर. कप्तान उठले. त्यांनी कपाटावरचा छोटा तराजू खाली घेतला, दोन पारड्यांत दोन बिल्ले ठेवले. काटा मधोमध उभा राहिला.

“गायिकाबाई कपडे धुवायला टाकत होत्या वाटतं,” बायको दारातून म्हणाली. मग नवऱ्याचा चेहरा बघून आत गेली.

त्याच दुपारी कप्तान लाँड्रीत गेले. यंत्रं काढून नेली होती, फरशीवर त्यांच्या पायांचे चौकोन उमटले होते, तरी साबणाचा वास होताच. बाईंनी शिडीवरून तपकिरी कागदातलं गाठोडं उतरवलं. दोरीला कप्तानांच्या बिल्ल्याचा जोडीदार, २१४. आत यादी: पांढरं जाकीट एक, एप्रन दोन, रुमाल तीन.

“माझ्यासमोर मोजून घ्या आणि सही करा. नियम आहे.”

त्यांनी मोजलं. जाकिटाची बटणं सहा, पाचव्याचा दोरा वेगळा. खळ पिवळी पडून कापड पुठ्ठ्यासारखं झालं होतं. खांदे इतके अरुंद होते, की त्यांनी ते स्वतःच्या छातीशी धरलं तर दोन्ही बाजूंनी त्यांचा शर्ट दिसत राहिला. वडील गेले तेव्हा एकतीस वर्षांचे. आता रडू येईल, असं वाटून कप्तान थांबले. बाईही थांबल्या. रस्त्यावरून एक ट्रक गेला. काही आलं नाही.

“हेही तुमचंच,” बाई म्हणाल्या. जाकिटाला टाचणीने एक पाकीट लावलेलं होतं. वर लिहिलेलं: ‘खिशात सापडलं’.

आत चमचा होता. दांड्यावर जहाजाचं चिन्ह. अशा एकसष्ट चमच्यांची नोंद कप्तानांकडे होती, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

बाईंनी सकाळचा हिशेब चुकता करायची संधी सोडली म्हणावं, तर तसंही नाही. “आता वहीत काय लिहाल?” एवढंच त्यांनी विचारलं, तेही हळू आवाजात.

“बघतो,” म्हणून कप्तानांनी सही केली.

घरी बायको कप्तानांच्या आईला सूप भरवत होती. आईचं वय नव्वद. बोलणं मोजकं, तेही मनात असेल तर. कप्तानांनी जाकीट पलंगावर पसरलं. आईने त्याच्या बाहीवरून एकदा हात फिरवला आणि पाचवं बटण चिमटीत धरलं.

“हे मी लावलेलं,” ती म्हणाली.

मग कप्तानांनी चमचा पुढे केला. आईने तो डोळ्यांजवळ नेला, उलटा करून पाहिला.

“एकच?”

“एकच होता.”

“सहा सांगितले होते.”

बायकोचा हात वाटीत थांबला. “कुणाला, आई?”

“ह्याच्या बापाला. शेजारणीकडे सहा होते. मी रोज कटकट करायचे. शेवटी म्हणाला, आणतो.”

कप्तान स्टुलावर बसले. “मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, बापाने चमचा आणला नाही. तू ऐकत होतीस. बोलली नाहीस कधी.”

“नव्हताच आणला. आणि तू मिरवत होतास. म्हटलं, मिरवू दे.” आईने चमचा बायकोपुढे धरला. “ह्याने भरव. तो तुझा टोचतो.”

बायकोने कप्तानांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. चमचा विसळला गेला आणि सूप पुन्हा सुरू झालं. आई नेहमीपेक्षा चार घोट जास्त प्यायली, इतकंच त्यांनी टिपलं. कप्तान आपल्या छातीवर हात ठेवून पाहत होते, तब्येत तपासावी तसे. तिथे नेहमीचंच चाललेलं होतं.

ते खोलीत जाऊन वही घेऊन बसले. आधी पहिली नोंद दुरुस्त केली. खोली खोडली, किल्ली खोडली, ‘लाँड्रीचा बिल्ला, वडिलांचा’ असं लिहिलं, आणि ‘चुकून’वर काट मारली. मग चारशे बारा, जाकीट. मग चारशे तेरा, चमचा एक. शेवटच्या रकान्यात आले आणि पेन थांबलं. वरच्या सगळ्या खुणा एकाखाली एक उभ्या होत्या. आणखी एक खूण करायला क्षणाचं काम होतं. त्यांनी ती केली. जरा जाड झाली.

मग शेऱ्यासाठी चमचा पुन्हा मोजमापाला हवा, म्हणून ते आईच्या खोलीत गेले. आई झोपली होती. चमचा मुठीत होता, दांडा बाहेर. बायको उशाशी जाकिटाची घडी घालत होती.

“काढून देऊ?” तिने विचारलं.

“राहू दे.”

परत येऊन त्यांनी चारशे तेरावर सरळ रेघ मारली आणि खात्यात लिहीत तसं बाजूला लिहिलं: ‘वस्तू घरात वापरात आहे.’ खाली सही केली, तारीख टाकली. मखमलीवर बिल्ल्याची जागा तशीच होती. खालची चिठ्ठी मात्र बदलायची राहिली होती. ती त्यांनी फाडली आणि नवीसाठी कागद कापायला कात्री शोधू लागले.