पारूचा फोटो

जानेवारीतल्या एका रविवारी माझ्या नवऱ्याला, सुनिलला, धरणावरच्या ड्युटीतून सुट्टी मिळाली आणि आमच्या लेकीने, अपेक्षाने, हट्ट धरला, मुरबाडकडच्या रस्त्याला मेंढी-लोकर महोत्सव भरलाय, तिकडेच जायचं. मलाही सासूबाईंना नवी घोंगडी घ्यायची होती. आमच्या शेणवे गावातल्याच एकाची रिक्षा ठरवून आम्ही चौघं निघालो.

आमच्या शेतात भात निघालं की घाटावरचे मेंढपाळ मेंढरं बसवायला येतात. शेताला खत मिळतं, त्यांच्या मेंढरांना चारा. सासूबाईंची, म्हणजे हिराबाईंची, अर्धी हयात लावणीच्या चिखलात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन गेली. लोकर त्यांना कुणी ओळखून द्यायची गरज नव्हती.

एका फार्महाऊसच्या मैदानात मांडव घातला होता. दारातच दोन कोकरांच्या गळ्यात रिबिनी बांधून त्यांना उन्हात उभं केलं होतं. मुलं त्यांना उचलून फोटो काढत होती आणि पलीकडे बांधलेली मेंढी सारखी ओरडत होती. अपेक्षाने फोटो काढला नाही. "मम्मी, त्यांना पाणी तरी देतात का गं?" एवढंच तिने विचारलं.

आत घोंगड्यांचा मोठा स्टॉल होता. वर भलामोठा बॅनर : 'अस्सल हातमागाची घोंगडी, थेट मेंढपाळाच्या घरातून.' बॅनरवर हसऱ्या चेहऱ्याच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू असलेल्या एका बाईचा फोटो. खाली जाकीट घातलेला माणूस विकायला उभा.

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, घोंगडी हातात घेतली, उलटीपालटी केली, नाकाला लावली.

"याला वास नाय रे सुनिल."

"आजी, धुतलेली आहे. प्रीमियम क्वालिटी," जाकीटवाला म्हणाला.

आईंनी कडेचा लोंबता दोरा तोडला आणि शेजारच्या चहावाल्याकडून काडी पेटवून त्याला धरली. दोरा वितळला. टोकाला काळा टणक मणी झाला आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला.

"लोकर जळली का केसावानी वास येतो, चिमटीत धरली का राख होते," आई म्हणाल्या. "ही लोकर नाय. पोरा, तू लोकांना फसवतोस."

"आजी, तुम्हाला त्यातलं काय कळतं? मिक्स असतं थोडं. घ्यायची नसेल तर गर्दी करू नका."

माझं डोकंच फिरलं. पण मी बोलायच्या आत मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी खरं बोलतीया. ही आमची न्हाय."

मागे एका गोणपाटावर बसून एक बाई हातातल्या चातीवर लोकर पिळून सूत काढत होती. लोक तिचे व्हिडिओ काढत होते. मी तिच्याकडे पाहिलं, मग वर बॅनरकडे. तोच चेहरा. तेच कुंकू.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला आयोजकांचा माणूस धावत आला. "पारूबाई, तुम्हाला बोलायला बसवलेलं नाही. सूत काढायला बसवलंय."

"अहो, हिचा फोटो लावून तुम्ही प्लास्टिक विकताय?" मी विचारलं.

"फोटोला त्यांची परवानगी आहे."

"पेपरात द्यायचाय म्हणून काढला व्हता," पारू म्हणाली. तिच्यामागे कापडात बांधलेलं गाठोडं होतं. त्यात तिच्या सासऱ्याने विणलेल्या घोंगड्या होत्या, काळ्याभोर, खरखरीत. त्या इथे विकायच्या नाहीत, असं तिला सकाळीच बजावलं होतं, कारण तिचा स्टॉल नव्हता.

सुनिल भांडणाला घाबरणारा माणूस. दुकानदाराने चुकीची वस्तू दिली तरी गप्प घेऊन येतो. तो पुढे झाला आणि त्याने गाठोड्याचं एक टोक धरलं. "दामिनी, दुसरं तू धर."

पारूने चाती कमरेला खोचली आणि उठली. आम्ही गाठोडं फाटकाबाहेर आणलं, रस्त्याच्या कडेला उघडलं. ओळखपत्रवाला मागोमाग आला. "इथे बसता येणार नाही."

आई रस्त्यावरच मांडी घालून बसल्या. "रस्ता तुझा हाय का? उठव मला."

त्याने उठवलं नाही. आतून दहाबारा माणसं बाहेर आली होती. आईंनी पारूच्या घोंगडीचा दोरा सगळ्यांसमोर जाळून दाखवला. एक बाई आत घेतलेली घोंगडी परत करायला पिशवीसकट पाय आपटत गेली आणि हुज्जत घालूनही पैसे न मिळता तीच पिशवी घेऊन परत आली. दुपारपर्यंत पारूच्या पाच घोंगड्या गेल्या, एक आमच्याकडे आली. तिची सूत काढायची त्या दिवसाची मजुरी मात्र बुडाली. तिने ओळखपत्रवाल्याकडे मागितली, तर "काम अर्धवट सोडलंत" म्हणून त्याने पाठ फिरवली. सुनिल आत जाऊन त्याच्याशी मोठ्याने बोलला. लग्नाच्या सतरा वर्षांत मी त्याचा तो आवाज ऐकला नव्हता. उपयोग झाला नाही.

"पुढल्या आठवड्याला आमच्या शेतावर मेंढरं बसवा," आई पारूला म्हणाल्या. पारूने नवऱ्याला विचारून सांगते म्हटलं. ती हसली नाही. मला वाटतं तिला रडू येत होतं, पण आमच्यासमोर रडायचं नव्हतं.

घरी आल्यावर अपेक्षाने मोबाईलवर महोत्सवाची जाहिरात काढली. पारूचा फोटो होताच. मी खाली लिहिलं, ही बाई या घोंगड्या बनवत नाही. पाच मिनिटांत ते पुसलं गेलं. अपेक्षाने लिहिलं, तेही पुसलं. दोन दिवस आम्ही मायलेकी लिहीत होतो आणि ते पुसत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पारूचा फोटो काढून टाकला. त्या जागी दुसऱ्याच एका म्हाताऱ्या बाईचा फोटो आला. तीही हसतेय. ती कुठली, तिला हे ठाऊक तरी आहे का, ते आता आम्ही शोधतोय.