पाच इंची चाकं

शनिवारी सकाळी पार्सल आलं आणि ते फोडायला अनुश्रीने ओट्यावरचा भाजीचा चाकूच उचलला.

"अवं, चाकू काहून नेऊन राहिली? कांदा कायनं चिरू मी?" नीलिमाने ओरडून विचारलं, पण पोट्टी केव्हाच हॉलमध्ये पोचली होती.

खोक्यातून चार चाकं निघाली. काळीकुळकुळीत, खोल खाचांची, हाताच्या पंजाएवढी. अनुश्रीने एक चाक आईच्या नाकापुढे धरलं. "मम्मी, देख ना! पूरे पाँच इंच के!"

नीलिमा रामटेके रेल्वेच्या कारखान्यात फिटर. वडिलांच्या जागी लागली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आता बावन्न. मालगाड्यांच्या डब्यांची चाकं आणि त्यांना जोडणारे धुरे तपासण्यात उभा जन्म गेला. घरी आल्यावर तिला पाना डोळ्यांसमोरही नको असायचा. अनुश्री तिची एकुलती एक. रायपूरच्या चौबे कॉलोनीत वाढलेली, तिथेच तेलीबांध्याला एका ऑफिसात कामाला. आईचं मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच द्यायची. आणि वर्षभरापासून तिला या ट्रकचं वेड लागलं होतं. रिमोटवर चालणारा, हातभर लांब, दगडधोंड्यांवर चढणारा नारिंगी ट्रक.

मागच्या महिन्यात जुन्या मुरमाच्या खाणीत झालेल्या स्पर्धेत तो एका सपाट दगडावर पोटावर अडकला होता. चारही चाकं हवेत गरगरत राहिली. शेवटी अनुश्रीने हाताने उचलला आणि तिथेच बाद झाली. घरी येऊन ती जेवलीसुद्धा नव्हती. उद्या पुन्हा स्पर्धा होती. चाकं मोठी म्हणजे पोट उंच, तिचा हिशेब सरळ होता.

सात नंबरच्या पान्याने तिने जुनी चाकं काढली, नवी बसवली. ट्रक एकदम रुबाबदार दिसायला लागला. तिने रिमोटचं चक्र फिरवलं मात्र, पुढची चाकं वळता वळता बॉडीला घासली. कर्रर्र! तिथेच अडकली.

अनुश्रीने कात्री घेतली. ही बॉडी तिने स्वतः चार रविवार खपून रंगवली होती. कुठे कापायचं ते कळेना, डोळे भरून आले.

"थांब, थांब." नीलिमा पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "अंदाजानं काहून कापून राहिली? कुठं लागते ते त्याले स्वतःच सांगू दे ना."

तिने हात पुसले, फळ्याचा खडू शोधला आणि दोन्ही पुढच्या चाकांच्या कडांना चांगला घासला. "आता फिरव. डावीकडं. उजवीकडं. वरून दाब जरा."

बॉडी उलटी केली तर आतल्या बाजूला दोन पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, नखाएवढ्या रुंद.

"बस, एवढंच लागते. एवढंच काप."

अनुश्री रेघांकडे बघतच राहिली. "ये तो कमाल है, मम्मी!"

"कमाल कायची? डब्याखाली हेच करतो आम्ही." नीलिमा म्हणाली खरी, पण बॉडी हातातून खाली ठेवली नाही. पोळ्या तशाच राहिल्या. दोघींनी रेघांपुरतं कापलं, बॉडी ज्या बारीक खांबांवर बसते त्यांच्यावर ती एक भोक वर चढवली, पुन्हा खडू लावला. या वेळी आत डाग नाही.

दोघी ट्रक घेऊन गल्लीत धावल्या. समोरच्या बांधकामाच्या गिट्टीच्या ढिगावर ट्रक असा चढला की अनुश्री किंचाळली. एकदा चढला, दोनदा चढला. तिसऱ्यांदा अर्ध्यात दम टाकून थांबला.

नीलिमाने वाकून मोटरला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. गरम धुऱ्यावर बोट ठेवून तीन अंक मोजता आले तर ठीक, ही तिची कारखान्यातली सवय. इथे एकसुद्धा मोजता आला नाही.

"जळून जाईन हे. बंद कर."

"पर चक्के तो सही हैं!"

"चक्के सही हायेत, मोटरले ओढा जास्त होऊन राहिला. सायकलवर चढ आला का तू काय करते? गिअर हलका करते ना? मोठं चाक म्हणजे मोटरले कायमचाच चढ. मोटरवर दात्यांचं लहान चक्र आहे न, त्याले किती दाते?"

अनुश्रीने वाकून मोजले. "चौदह."

"दहा-अकरावालं पाह्यजे. दाते कमी म्हणजे गिअर हलका."

गोल बाजारात भांडी मिळतील, कापड मिळेल, हे कुठून मिळणार? अनुश्री पाचेक मिनिटं फोन हातात घेऊन बसली. तसलं चक्र एकाच माणसाकडे असण्याची शक्यता होती. विकी, मागच्या खेपेचा विजेता. त्याच्याकडे मागायचं म्हणजे उद्या त्याच्याशीच लढायला त्याचीच मदत. शेवटी तिने लावला.

"ग्यारह दाँत वाला? हव, पड़ा है दीदी," विकी म्हणाला. "सुबह मैदान में दे दूँगा. अकेले जीतने में क्या मज़ा है?"

रविवारी सकाळी नवा रायपूरच्या वाटेवरच्या त्या जुन्या मुरमाच्या खाणीत चाळीसेक माणसं जमली होती. विकीने खिशातून कागदाची पुडी काढून दिली. आत करंगळीच्या नखाएवढं पितळी चक्र. अनुश्रीचा नंबर यायला दहा मिनिटं होती.

नीलिमा मातीत मांडी घालून बसली. जुनं चक्र काढलं, नवं बसवलं. आजूबाजूला पोरं जमली. "लय घट्ट नको, लय ढिलंही नको," ती पुटपुटली. "अनु, त्या पुडीच्या कागदाची पट्टी फाड. दोन चक्रांच्या मधात घाल. आता आवळते. आता काढ."

कागद निघाला. तिने बोटाने चक्र फिरवलं. सुळसुळीत.

"रामटेके!" पुकारा झाला.

ट्रक निघाला. वाटेवर रोवलेल्या झेंड्यांच्या पहिल्या जोडीतून गेला, मग दुसऱ्या. वेग पूर्वीपेक्षा कमी, पण ताकद अशी की दगडाला चाक लागलं की दगडच हलायचा. मग तो सपाट दगड आला. अनुश्रीने ओठ आवळले. पुढची चाकं वर चढली, पोट दगडावरून बोटभर उंच गेलं, मागची चाकं क्षणभर सरकली...

"हळू दे! हळू, पण सोडू नको!" नीलिमा गर्दीतून ओरडली.

...आणि ट्रक पलीकडे उतरला. खाणीत एकच गलका झाला. नीलिमा उभी राहून टाळ्या वाजवत होती, पदर मुरमाने लाल झाला होता त्याचं भान नव्हतं.

शेवटच्या चढावर ट्रक थोडा तिरपा झाला, त्यात वेळ गेला. विकी पहिला आला, अनुश्री दुसरी. विकीने स्वतः येऊन मोटरला बोट लावून पाहिलं आणि नीलिमाकडे वळला. "आंटी, अगली बार मेरी गाड़ी भी देख लोगी?"

"आण ना," नीलिमा म्हणाली. "खडू घेऊन ये फक्त."

सगळे पांगायला लागले तेव्हा अनुश्रीने रिमोट आईच्या हातात ठेवला. "आता तू चालव," ती म्हणाली, मराठीत.

"मले कुठं येते?"

"मी आहे ना."

नीलिमाने रिमोटची कळ दाबून चक्र फिरवलं. ट्रक उलट्याच दिशेला सुटला, मुरमाच्या ढिगावर चढला, वर जाऊन डगमगला आणि धाडकन आडवा पडला. चाकं हवेत फिरत राहिली. नीलिमा खो खो हसत सुटली.

"उभा कर त्याले, लवकर! पुन्हा जाऊ दे!"