तोमासा आजीचा स्लॅब आणि मी, एचार

मी एक जुने क्रियापद आहे. माझे नाव एचार. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, क्रियापद कधी आपली कहाणी सांगते का? खुर्ची सांगते, छत्री सांगते, फाटकी चप्पलसुद्धा सांगते, मग मीच का गप्प बसू? मला तर बोलण्याखेरीज दुसरे काही येतच नाही.

माझा जन्म लॅटिन भाषेच्या घरात झाला. तेव्हा माझे काम एकच होते, फेकणे. पुढे मी स्पॅनिश भाषेत वाढलो, खलाशांच्या तोंडून समुद्र ओलांडला, त्यांच्या जहाजांचे नांगर टाकले आणि मेक्सिकोतच राहिलो. इथल्या लोकांनी मला एका कामावर ठेवलेच नाही. रश्श्यात मीठ घालायला मी, मोटारीत पेट्रोल भरायला मी, दुपारची डुलकी काढायला मी. मक्याच्या भाकऱ्या थापायच्या असोत की शेजाऱ्याला हात द्यायचा असो, हाक मलाच. अन्न नासले तर तेही माझ्याच माथी मारतात. तुमच्या मराठीत 'टाकणे' नावाचे जे गृहस्थ आहेत, ते माझे लांबचे भाऊच शोभतील. तेही मीठ टाकतात, नजर टाकतात, दुकान टाकतात आणि दमले की अंग टाकतात. त्यांना माझा नमस्कार सांगा.

पण मी सगळ्यांचाच लाडका होतो असे समजू नका. मी राहतो त्या सान लुकास गावात ओतिलियाबाई नावाच्या शिक्षिका आहेत. मुलांच्या निबंधात मी दिसलो की त्या माझ्याभोवती लाल गोल काढत आणि बाजूला लिहीत, 'आळशी शब्द. नेमका शब्द वापरा.' बावीस वर्षे मी त्या लाल गोलांत बसून काढली. दिवसभर गावासाठी राबायचे आणि वहीत मात्र गुन्हेगार ठरायचे, याचे मला फार वाईट वाटे.

याच गावात तोमासा आजी राहते. तिची मुलगी एलोदिया शिकागोच्या एका हॉटेलात चादरी धुते. अकरा वर्षांनी ती रजेवर आली, ती एकच गोष्ट मनात धरून. आईच्या खोलीवर पक्का स्लॅब टाकायचा. जुने पत्रे एप्रिलमध्येच उतरवले होते. लिबोरिओ मिस्त्रीने भिंती उचलल्या होत्या, सेंट्रिंग ठोकले होते, सळया बांधल्या होत्या. आजी तेव्हापासून स्वयंपाकघरात चुलीशेजारी झोपत होती. आईला चकित करायचे म्हणून एलोदियाने शहरातला काँक्रीटचा मिक्सर परस्पर ठरवला. तोही एकाच दिवसासाठी, कारण दुसऱ्या दिवशी तो दूरच्या धरणावर जाणार होता आणि पावसाळा संपेपर्यंत परतणार नव्हता. तारीख तिने शिकागोतले कॅलेंडर बघून निवडली. तीन मे.

आमच्याकडचे शेंबडे पोरही ही चूक करणार नाही. तीन मे हा पवित्र क्रॉसचा दिवस, म्हणजे गवंड्यांचा सण. त्या दिवशी ते बांधकामावर कागदी फुलांनी सजवलेला क्रॉस उभा करतात, फटाके उडवतात आणि घरमालकाकडे पोटभर जेवतात. देशात कुठेही त्या दिवशी थापी हलत नाही.

आदल्या संध्याकाळी एलोदिया मिस्त्रीकडे गेली. तिचे बोलणे ऐकून लिबोरिओ आधी हसला आणि मग गंभीर झाला.

"अगं पोरी, तू गाव विसरलीस की काय? उद्या फावड्याला हात लावला, तर माझी पोरं मला गावात राहू देणार नाहीत."

"काका, मिक्सर उद्याच आहे. आणि गुरुवारी मी जाणार. पावसाळ्यात आई काय प्लॅस्टिकखाली राहील?"

"मला कळतंय गं. पण सण म्हणजे सण."

एलोदिया घरी येऊन पायरीवर बसली आणि रडली. आजी उद्याच्या मोलेसाठी, म्हणजे सणाच्या दाट रश्श्यासाठी, मिरच्या भाजत होती. गवंडी जेवायला तिच्याकडेच येणार होते. तिने सगळे ऐकून घेतले आणि चूल जरा कमी केली.

"गवंडी हात लावणार नाहीत ना? नको लावू देत. तोंड तर चालेल त्यांचं? ते सांगतील, आपण करू."

"आपण म्हणजे कोण, आई? मी अकरा वर्षांत कुणाच्या घरी एक घमेलं उचललं नाही. माझ्यासाठी कोण येईल?"

"तुझ्यासाठी नाहीच यायचं कुणी. चाळीस वर्षं प्रत्येकाच्या स्लॅबला भाकऱ्या मी थापल्यात. माझ्यासाठी येतील."

सकाळी चर्चच्या कर्ण्यावरून पुकारा झाला, 'तोमासा आजीकडे आज स्लॅब टाकायचा आहे, सगळ्यांनी हात द्यायला या, एक नजर टाकायला येणाऱ्यांनीही घमेले आणावे.' या एका वाक्यात मी तीनदा होतो, स्लॅबला मी, हात द्यायला मी, नजरेला मी. माझा ऊर भरून आला.

आणि लोक आले. बेकरीवाला आला, बसचा ड्रायव्हर आला, बायका बाह्या सरसावून आल्या आणि सर्वांत शेवटी शाळेच्या बुटांतच ओतिलियाबाई आल्या. मिस्त्री आणि त्याची सहा माणसे नव्या शर्टांत, अंबाडीच्या फुलांचे सरबत पीत अंगणात खुर्च्यांवर बसली. मिक्सर सुरू झाला. मित्रांनो, स्लॅब एका दमात टाकावा लागतो. मध्ये हात थांबले की तिथे सांधा राहतो आणि पुढे तिथूनच पाणी गळते.

"अरे खडी घाल, खडी!" खुर्चीवरून लिबोरिओ ओरडला. "पाणी किती ओततोस? पाव करतोयस का?"

"मग या की उठून," बेकरीवाला म्हणाला.

"आज सण आहे."

वाळूला मी, पाण्याला मी, सिमेंटला मी, दमलेल्याला धीर द्यायलाही मीच. 'एचाले' हा माझा एकच अवतार दिवसभर शिडीवरून खाली-वर धावत होता. त्याचा अर्थ 'ओत' असाही होतो आणि 'लाव जोर' असाही. ओतिलियाबाई शिडीच्या चौथ्या पायरीवर उभ्या राहून घमेली वर देत होत्या. पहिल्या तासात त्या "कृपया वर घ्या" म्हणाल्या. दुसऱ्या तासात त्यांचा दम संपला आणि नेमके शब्दही संपले. "एचाले!" बाई गरजल्या. अंगणात हशा पिकला.

दुपारपर्यंत माल वर गेला, पण खरी पंचाईत पुढेच होती. वरचा थर कुणालाच सपाट करता येईना. मधे खळगा पडला होता. सिमेंट धरायला लागले होते. खळगा तसाच वाळला असता, तर पावसाचे पाणी तिथे साचून नेमके आजीच्या खाटेवर टपकले असते. हातात थर सपाट करायचा गवंडी रंधा धरून एलोदिया नुसतीच उभी होती.

लिबोरिओने ते खालून पाहिले. ग्लास ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. मग त्याने कागदी फुलांचा क्रॉस खांद्यावर घेतला आणि शिडीकडे निघाला.

"उस्ताद, कुठे?" त्याच्या माणसांनी विचारले.

"क्रॉस लावायला. हे काम नव्हे, सण आहे." वर पोचून त्याने खळगा बघितला, एलोदियाच्या हातून रंधा घेतला आणि खाली वाकून म्हणाला, "इथे लावला तर क्रॉस तिरका उभा राहील. सणाचा अपमान होईल. चढा रे सगळे, जागा सपाट करू."

सहाही जण नव्या शर्टांतच चढले. क्रॉसपुरती जागा सपाट करता करता त्यांनी चारी कोपरे सपाट केले. मग क्रॉस उभा राहिला, फटाके उडाले आणि मोले जेवताना लिबोरिओ सगळ्यांना बजावत होता की आज त्याने काहीही काम केलेले नाही.

त्याच आठवड्यात एका वहीत मी सापडलो, 'आम्ही आजीचा स्लॅब टाकला.' ओतिलियाबाईंचे लाल पेन माझ्यावर येऊन थांबले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पेन पुढच्या ओळीवर गेले होते.

गुरुवारी एलोदिया निघाली. आजी नव्या स्लॅबवर पाणी मारून नुकतीच खाली उतरली होती. तिचे हात ओले होते.

"टाक ना, आई," एलोदिया एवढेच म्हणाली आणि तिने मान खाली केली. तुमच्याकडे आशीर्वाद देतात, आमच्याकडे तो टाकतात. आजीने ओल्या बोटांनी तिच्या कपाळावर क्रॉस काढला. मी इतकी कामे करतो, मित्रांनो, पण या कामासाठी मला बोलावतात तेव्हा माझ्या जन्माचे सोने होते.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. माझ्यासारख्या रोजच्या, साध्या शब्दांना हलके समजू नका. आम्हांला जपायला कपाट लागत नाही, माणसे लागतात. तुमच्या शेजारी कुणी स्लॅब टाकत असेल, तर जा आणि एक घमेले उचला. माझा मराठी भाऊ तिथे तुमच्या आधी पोचलेला असेल.