तो वास गंजाच्या तेलाचा नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटारगाडी आहे. माझ्यासारख्या गाड्या आपली कहाणी सांगताना गोड बोलतात, मालकाचे उपकार मानतात. मला ते जमणार नाही, कारण मी रागावलेली आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला, पण आयुष्य गेलं डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हेर्नर आणि बोडिल या नवराबायकोच्या घरी. तिथला वारा समुद्राचं मीठ अंगावर आणून टाकतो आणि हिवाळ्यात माणसंही रस्त्यांवर मीठ पसरतात. म्हणून तिकडची माणसं थंडीच्या तोंडावर गाडीच्या पोटाला गंज न लागण्याचं तेल मारून घेतात. नंतर काही दिवस ते तेल तापल्या पाइपावर टपकतं, जळका वास सुटतो आणि कुणी त्याची फिकीर करत नाही. व्हेर्नर तर या बाबतीत भलताच काटेकोर. दर शनिवारी मला धुणार, मेण लावून पुसणार. शेजारी कौतुक करायचे आणि मी फुगून जायचे. बॉनेट मात्र तो क्वचितच उघडायचा.

पुढे बोडिलची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा तिला शहरातल्या इस्पितळात रक्त शुद्ध करायला न्यायचं, हे माझं काम झालं. इतकं मोलाचं काम मी पूर्वी कधी केलं नव्हतं.

यंदाही थंडीपूर्वी माझ्या पोटाला तेल लागलं. नेमकं त्याच सुमारास माझ्या इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं, तेल अडवून धरणारं रबरी गॅस्केट कडक होऊन चिरलं. इंजिनाचं तेल झिरपून खालच्या लालबुंद पाइपावर पडू लागलं. हीटर लावला की धूर थेट बोडिलच्या तोंडावर.

"व्हेर्नर, काहीतरी जळतंय," ती म्हणाली.

"गंजाचं तेल गं ते. जाईल चार दिवसांत."

नाताळ गेला, वास गेला नाही. बोडिल कडाक्याच्या थंडीत काच खाली करून बसायची.

"वर कर ती काच. गारठून मारशील मला."

"तुला खरंच काही वास येत नाही?"

"मला कुठला यायला? जन्म गेला मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात. तो पैशाचा वास, म्हणायचो आम्ही. आणि तुझ्या नाकाचं काय सांगतेस! त्या औषधांपायी परवा तुला कॉफीसुद्धा जळकी लागली."

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस आजारी, म्हणून त्याचं नाकही आजारी? दुखणं माझं आणि खोट तिच्यात! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत. मला तर स्वतःहून हॉर्नही वाजवता येत नाही.

बोडिल मात्र हार मानणारी नव्हती. एका सकाळी ती धापा टाकत गुडघ्यांवर बसली आणि तिने माझ्याखाली बटाट्याच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवला. दुपारी तो ओढून काढला. दारांच्या कडांखाली मधासारखे पिवळट डाग होते. ते गंजाचं तेल. इंजिनाखालचे डाग काळेकुट्ट होते. पुठ्ठा तिने व्हेर्नरच्या पुढ्यात ठेवला.

"दोन रंग आहेत, व्हेर्नर."

"तेल ते तेल," असं म्हणून त्याने त्याच पुठ्ठ्यावर आपले चिखलाचे बूट काढून ठेवले.

फेब्रुवारीत एकदा बोटीसाठी खाडीवरचा पूल उचलला होता. आम्ही रांगेत थांबलो. वाऱ्याची झुळूक नाही आणि इंजिन चालूच. बॉनेटच्या फटीतून निळसर धूर निघाला. बोडिल दार उघडून खाली उतरली, कठड्याला धरून ओकली, आणि मागे इस्पितळाची, रुग्णांची ने-आण करणारी गाडी उभी होती, तिची काच तिने ठोठावली.

"मला आत घ्या," ती म्हणाली. त्यांनी घेतलं.

व्हेर्नर मला हळूहळू गावातल्या गॅरेजवर घेऊन गेला. त्याचा जुना वर्गमित्र प्रेबेन याने बॉनेट उघडलं, इंजिन फडक्याने पुसलं आणि टॉर्च मारला.

"गंजाच्या तेलाचा वास दोन-तीन आठवड्यांत जातो, लेका. हे इंजिनाचं तेल आहे. गॅस्केट गेलंय. पेट घेतला असता एखाद्या दिवशी. बोडिल काही बोलली नाही?"

"बोलली," व्हेर्नर म्हणाला आणि टोपीशी चाळा करत बसला.

प्रेबेनने झाकण काढलं, नवं गॅस्केट बसवलं, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने सारखे आवळले आणि पाइपावरची काजळी धुतली. संध्याकाळच्या आत मी बरी झाले. इतकंसं काम, आणि त्यासाठी अख्खा हिवाळा बोडिल धूर गिळत होती.

इस्पितळाच्या पुढच्या खेपेला व्हेर्नर माझं दार उघडून उभा राहिला. "ये गं. आता अजिबात वास नाही."

"मी त्याच गाडीने जाणार आहे," बोडिल म्हणाली. "तिथे मला मळमळतंय म्हटलं की ते काच उघडतात. माझं नाक तपासत नाहीत."

रुग्णांची गाडी फाटकाशी आली आणि ती चढून बसली.

मित्रांनो, गाडीचं तेल वेळेवर बघा, बॉनेट उघडा, हे मी सांगायला हवं. सांगते. पण शेजारी बसलेलं माणूस काही सांगत असेल, तर त्याचं आधी ऐका. गॅस्केट नवं मिळतं. व्हेर्नर अजूनही आठवड्यातून तीनदा मला बाहेर काढतो आणि त्या गाडीच्या मागोमाग इस्पितळापर्यंत चालवत नेतो. माझा हीटर चालू असतो, हवा स्वच्छ असते आणि शेजारची सीट रिकामी असते.