वाटीतली शाई

रविवारी सकाळी साडेनऊला वाटीतलं पाणी निळं झालं.

जळगावातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात तेव्हा तिघं होती: राजदीप, त्याची बायको प्राची आणि धुळ्याहून आलेली त्याची आई केसरबाई. स्टीलच्या वाटीत राजदीपच्या वडिलांचं, देवचंद गुरुजींचं, काळं पेन निब खाली करून उभं होतं. निबेच्या फटीतून निळी रेघ निघाली, सरळ खाली उतरली, तळाला टेकून पसरली. प्राचीने चहाखालचा गॅस बंद केला.

देवचंद गुरुजी पिंपळनेरच्या बाजूला प्राथमिक शाळेवर होते. ते गेले त्याच आठवड्यात त्यांनी पेनात शाई भरली होती. त्यानंतर कित्येक वर्षं पेन कोणी उघडलं नाही. शाई आत वाळली आणि पेनाची मान नळीला घट्ट बसली. मध्यंतरी कपाट आवरताना पेन फरशीवर पडलं. निबेचं टोक वाकलं, नळीच्या तोंडाशी चीर गेली. केसरबाईंनी ते रुमालात गुंडाळून जळगावला आणलं. मुलगा ठिबक सिंचनाच्या कंपनीत होता. तुंबलेल्या नळ्या मोकळ्या करणं हेच त्याचं काम.

राजदीपनेही पेन तसंच हाताळलं. क्षाराने तुंबलेल्या ठिबकच्या नळ्यांत पातळ ॲसिड सोडतात. क्षार विरघळतो आणि वाहून जातो. असं ॲसिड त्याने कामावरून एका लहान बाटलीत आणलं होतं. सकाळी मोरीत बसून त्याने बाटलीचं बूच काढलं, तेव्हा केसरबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय करी राह्यना रे?"

"घाण काढतोय, माय. पाच मिनिटांत मोकळं होईल."

"घाण? त्यास्नी भरेल शाई शे ती. मोरीमा नको टाकू."

"मग पेन मोकळं कसं होणार?"

"माले काय माहीत? इंजिनेर तू शेस."

प्राची हसली. "वाटीत पाणी घ्या अन् त्यात ठेवा," ती म्हणाली. "निघेल ते वाटीतच राहील."

पेन पाण्यात गेल्यावर केसरबाईंनी आपल्याला काय हवंय ते सांगितलं. शाई भरली की गुरुजी कागदाच्या कपट्यावर एकच शब्द लिहून पेन तपासायचे: शे. अहिराणीत शे म्हणजे आहे. वर्गात निबंधात कोणी 'शे' लिहिलं की मात्र ते लाल शाईने खोडून वर 'आहे' लिहीत.

"पोरेस्नं शे खोडे, अन् पेनले तेच लिखाले लावे," केसरबाई म्हणाल्या. "मी म्हनू, गुरुजी, तुम्हलेच मार्क कमी पडतीन."

तो कपटा ते लगेच चुलीत टाकत. त्यांच्या हातचं 'आहे' गावभरच्या वह्यांत गेलं, 'शे' एकही उरलं नाही. ते एकदा त्यांच्याच शाईत बघायचं, एवढंच केसरबाईंना हवं होतं. सोमवारी सकाळच्या बसने त्या धुळ्याला परतणार होत्या.

साडेनऊनंतर राजदीपने सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पेनाची मान हळूहळू फिरवली. ती सुटली. आत नळीच्या कडेला काळसर पापुद्रा होता. त्याने ड्रॉपरने त्यात पाणी सोडलं, बोट लावून हलवलं आणि वाटीत ओतलं. पुन्हा तसंच केलं. दर वेळी निळंच आलं. इतक्याशा नळीत इतकी वर्षं इतका रंग बसून होता, हे तिघांनाही खरं वाटत नव्हतं.

पण वाटी भरली होती आणि शाई पांचट झाली होती. काडीने कागदावर ओढून पाहिली, तर रेघ जेमतेम दिसली.

"वाया गेली का?" केसरबाईंनी विचारलं.

प्राचीने वाटी उचलली. एप्रिल होता, गच्चीवर शेजारणीच्या कुरडया तासाभरात कडक होत होत्या. तिने शाई पसरट ताटलीत ओतली, वर मलमल बांधली आणि ताटली कुरडयांच्या शेजारी उन्हात ठेवली. राजदीपने खाली स्वयंपाकघरात चमच्याच्या पाठीवर निब ठेवून टोक नखाने दाबत सरळ केलं. चिरेला सुपर ग्लू लावला, आट्यांना मेण चोळलं. केसरबाई तोवर दोनदा गच्चीवर जाऊन आल्या.

"उडी जाई का रे बठ्ठी?"

"सगळी नाही, माय. पाणी उडतं, रंग राहतो."

"तू पाह्यं का?"

राजदीपने पाहिलं नव्हतं.

चार वाजता ताटली खाली आली. मधोमध चमचाभर शाई उरली होती, दाट, इतकी गडद की ताटली तिरकी केल्यावरच तिचा निळेपणा कळला. केसरबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि तशाच बघत राहिल्या.

राजदीपने ड्रॉपरने शाई नळीत भरली, मान आवळली आणि पेन आईच्या हातात दिलं.

"मी? मन्हं अक्षर काय कामनं?"

"शाई त्यांची आहे ना. लिहा," प्राची म्हणाली.

केसरबाईंनी 'श' काढला. आधी कोरडी खरड उमटली, मग निळं आलं. अक्षर पूर्ण झालं. मात्रेसाठी त्यांनी निब वर नेली, टेकवली, ओढली. कागदावर नुसता ओरखडा उठला.

राजदीपने झटकण्यासाठी हात पुढे केला. केसरबाईंनी पेन मागे घेतलं. "झटकू नको. सांडी जाई."

दाट शाई आपोआप उतरावी म्हणून त्यांनी पेन रिकाम्या पेल्यात निब खाली करून उभं केलं आणि समोर बसल्या. कागदावर मात्रेविना, वरच्या रेघेविना 'श' होता. प्राचीने दुसरं पेन पुढे केलं नाही. सकाळच्या बसचा विषय कोणी काढला नाही.

सहा वाजता निबेच्या फटीत एक निळा ठिपका दिसत होता. तो खाली येत होता की तिथेच वाळत होता, ते कळत नव्हतं.