सतरावा प्रश्न

सोनाबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि ओसरीवर घोंगडी अंथरली. सोमशेखर सर टेकले, चष्मा पुसू लागले. कृषी अर्थशास्त्र शिकवायला लागले त्या वर्षी त्यांनी मोहोळजवळच्या या गावात जमिनींची पहिली पाहणी केली होती. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी दर दहा वर्षांनी घरोघर जाण्याचा नेम मोडला नव्हता. शेजारी त्यांची मुलगी महानंदा फॉर्म भरत होती. कॉलेजात असल्यापासून हे काम तिच्याकडे होतं.

"प्रश्न सतरावा," सर म्हणाले. "वडलांच्या जमिनीत हिस्सा घेतलात?"

"न्हाय. भावाला सोडला."

"का बरं?"

"माहेरी जायचं हाय की अजून." सोनाबाई हसल्या. "धा वर्सानं येता आन् हेच इचारता, सर. सोताच्या घरी इचारता का न्हाय?"

"घरी उलटं आहे. तिथं सगळे मलाच विचारतात!" सर मोठ्यानं हसले. मग त्यांनी शेजारी पाहिलं. "लिहिलंस?"

"लिहिलं, आण्णा."

परतताना गाडी ती चालवत होती. आण्णा वर्गात बोलावं तसं बोलत होते. वाटणी झाली की बांध वाढतात, ट्रॅक्टर वळायलाही जागा उरत नाही. आपली सहा एकर तेवढी तिच्या धाकट्या भावाकडे, प्रभुकडे एकसंध राहिली.

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"काय गं?"

"काही नाही. काच वर करू का? वारं लागतंय तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी ती सकाळचा चहा घेऊन गेली, तेव्हा आण्णा खुर्चीतच गेलेले होते. डोळ्यांवर चष्मा, मांडीवर कालचे फॉर्म. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना शेतातच, विहिरीच्या अलीकडे पुरलं.

महिन्याने निबंधक कार्यालयात प्रभु तिच्या शेजारी बसला होता. सोलापूरहून ती एकटी येणार म्हणून तो स्वतः स्टँडवर घ्यायला आला होता. हक्कसोडपत्र त्याने आधीच टाईप करून घेतलं होतं.

"दोन मिनिटांचं काम आहे, अक्का. मग घरी जेवूनच जा. धपाटी केलीत."

कारकुनाने यंत्र पुढे सरकवलं. "अंगठा ठेवा, मॅडम."

तिने अंगठा पदराला पुसला. मग हात मांडीवर ठेवला.

"अक्का?"

"आण्णा होते तोवर मी बोलले नाही. त्यांचं शेत मोडेल, असं वाटायचं."

"कशाबद्दल बोलतीयस?"

कारकुनाने मान वर केली. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"माझी तीन एकर मला हवीत, प्रभु."