पहारा कोणी हलवला?

मित्रांनो, मी एका ब्राउझरमधला जुना सॉकेट-इंटरफेस आहे आणि आज मी फार चिडलो आहे.

ब्राउझर बाहेरून एकच दिसतो, पण आत त्याच्या वेगवेगळ्या खोल्या असतात. त्यांना प्रोसेस म्हणतात. वेबपानं एका बंद खोलीत राहतात. त्यांत कोण भलं, कोण लबाड, कळत नाही. म्हणून त्या खोलीला बाहेरचं दार नाही. आहे ती भिंतीतली एक खिडकी, म्हणजे मी. पानाने माझ्यातून चिठ्ठी द्यायची, पलीकडच्या पहारेकऱ्याने पत्ता तपासायचा, मगच त्या पत्त्यावरच्या कॉम्प्युटरशी जोडणी.

मला ब्राउझरच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या ताईंनी घडवलं. माझ्यातून काय जावं, काय जाऊ नये, हे त्या दोन महिने फळ्यावर लिहीत होत्या, पुसत होत्या. सात वर्षं मी निमूट राबलो.

मग ताईंच्या विभागाला नवे प्रमुख आले. "पानं हळू उघडतात, ताई. पत्ता पानांच्या खोलीत तपासतातच की. पुन्हा कशाला?"

"म्हणजे चोरालाच विचारायचं, बाबा रे, तू चोर आहेस का?"

"तुम्ही फार संशयी बुवा."

"संशयाचाच तर पगार घेते मी."

ताई आईच्या आजारपणासाठी रजेवर गेल्या आणि चार दिवसांत पलीकडचा पहारा उठला. पानं झटपट उघडू लागली. टाळ्या वाजल्या.

पुढच्याच आठवड्यात दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी साधा फॉर्म शोधताना एक लबाड पान उघडलं. त्याने चिठ्ठी दिली: 'तपासलं आहे. दवाखान्यातल्या फायलींच्या कॉम्प्युटरशी जोड.' मी जोडून दिलं. दुसरं काय करणार होतो? कोणाला कुठलं औषध चालत नाही, त्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या.

ताई परतल्या तेव्हा या घटनेवरचा प्रमुखांचा अहवाल तयार होता. कारण: 'जुनाट इंटरफेस.'

"सही करा, ताई. एका शब्दाने काय बिघडतं?"

"फोन लावते त्या डॉक्टरीणबाईंना. हा शब्द तुम्हीच वाचून दाखवा."

प्रमुखांनी फोन काही घेतला नाही. ताईंनी सही केली नाही. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि संध्याकाळपर्यंत पहारा जागेवर आला. अहवाल मात्र तसाच वर गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तूतली अडचण वाटणारी एखादी गोष्ट काढायची असेल, तर ती कोणासाठी ठेवली होती ते आधी विचारा. आणि विचारायचं नसेल, तर निदान नंतर आमच्या वयावर ढकलू नका.